शेवटचं काय केलंत, मालक?

कैलास,

सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांसाठी आपण वेबसाइट करत होतो, तिचं पहिलं पान शेवटी शेवटी सारखं मोडायचं, आठवतं? ते मी मोडायचो. मुद्दाम. त्याआधीच्या माझ्या सगळ्या चुका अस्सल होत्या, शिकाऊ माणसाच्या. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तुला पुण्याच्या नोकरीचं बोलावणं आल्यानंतर जे मोडलं, ते मी दुकानात बसून, पूर्ण शुद्धीवर, हातातला चहा संपवून मोडलं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, तुला तर नाहीच नाही.

तू वारलास त्याला अजून महिना व्हायचाय. माणूस गेल्यावर कबुली देणं सोपं असतं, समोरून उलट उत्तर येत नाही, हे मलाही कळतं. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की कबुलीपेक्षा एक प्रश्न मला जास्त छळतोय. तुला ते ठाऊक होतं का? इतकी वर्षं मान खाली घालून वावरलो हे खरंच, पण त्याच्या खाली ही उत्सुकताही सतत जागी होती. ती मी तुझ्यासमोर कधी उघडी पडू दिली नाही. आता मागे जाऊन एकेक गोष्ट तपासून बघतो. तू तपासायचास तशी, वरून खाली.

आपली ओळख मुळी एका चुकीतूनच झाली. नाशिकला रविवार कारंजावरच्या माझ्या दुकानात तू चुलतबहिणीची लग्नपत्रिका छापायला आला होतास. मजकूर सटाण्याहून तुझ्या काकांनी पाठवलेला. त्यात नवरानवरीपेक्षा निमंत्रकच जास्त, आणि एकही नाव गाळायचं नाही अशी ताकीद. मी ती नावं कशीबशी दोन ओळींत बसवत होतो आणि तू शेजारच्या मॉनिटरकडे टक लावून बघत होतास. तिथे माझ्या दुकानाचं वेबपेज उघडं होतं. गावात सगळे इंटरनेट इंटरनेट करत होते, म्हणून मीही मॉडेम घेतला होता आणि एक पान रचलं होतं. वर गणपती, खाली दुकानाचं नाव, त्याखाली पत्रिकांचे नमुने. थेट पत्रिकेसारखंच.

"मालक, हा गणपती मधोमध कसा आणलात?"

"स्पेसबार दाबून."

"दाबून म्हणजे?"

"म्हणजे दाबत गेलो. मधोमध आला तेव्हा थांबलो."

दुसरा कोणी असता तर फिदीफिदी हसला असता. तू खुर्ची ओढलीस, बसलास आणि म्हणालास, "परत एकदा दाबून दाखवा बरं." मला वाटलं थट्टा चाललीय. पण तू खरोखरच बघत होतास, माझ्या अंगठ्याकडे. माणूस चुकतो तेव्हा नेमकं काय करतो, हे बघायची तुला भारी हौस. सातपूरच्या कारखान्यात तू मशिनं दुरुस्त करायचास, तिथेही म्हणे आधी मशीन उघडायचा नाहीस, ते चालवणाऱ्याला चहाला न्यायचास. वेबपेज करायला तू आपलं आपणच शिकला होतास, आणि त्या विषयावर बोलायला तुला कोणी मिळत नव्हतं. मला तर कुठल्याच विषयावर बोलायला कोणी मिळत नव्हतं; किंवा मिळायचं, पण माझ्याच तोंडून शब्द फुटायचा नाही. घरी मला सगळे मुखदुर्बळ म्हणत. बायको म्हणायची, "गिऱ्हाइकांशी तरी बोलता का हो, का खुणा करता?"

पत्रिकेची प्रुफं न्यायला तू आलास ते हसू दाबतच.

"मालक, तुमचा गणपती फिरायला लागलाय."

कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत मोठ्या मॉनिटरवर तो डावीकडे सरकून बसला होता, आणि तुमच्या कारखान्यातल्या जुन्या, लहान मॉनिटरवर उजवीकडे अर्धा बाहेर. सोंड आत, कान बाहेर. मी हबकलो. पत्रिकेच्या धंद्यात गणपती सूतभर जरी सरकला तरी गिऱ्हाईक गठ्ठा परत आणतं, अपशकुन म्हणून. मी तुला विचारलं, "मग हा नेमका आहे तरी कुठे?"

"कुठेच नाही. तुम्ही त्याला जागा सांगितलीच नाही, नुसतं ढकललंय."

मग तू मला पानाची मागची बाजू दाखवलीस. उंदराचं उजवं बटण दाबलंस आणि माझ्या सुंदर पानामागे जे काही दडलं होतं ते समोर आलं: स्पेसच्या खुणांची रांगच्या रांग, आणि तिच्या शेवटी बिचारा गणपती. मी ओशाळलो. तू मात्र पडद्याजवळ तोंड नेऊन पुटपुटलास, "हाई काय शे?" तुला कशाचं नवल वाटायचं तेव्हा तोंडून सटाण्याची अहिराणीच निघायची. त्या दिवसापासून मला जे शिकायचं होतं ते त्या मागच्या बाजूचं. कुठल्याही पानाची मागची बाजू कोणीही उघडून बघू शकतो, त्याला परवानगी लागत नाही, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. आजही वाटतं. माणसांच्या बाबतीत तशी सोय असती तर माझं काय झालं असतं, हा विचार मात्र नंतर आला.

पहिल्या पाळीचा आठवडा असला की तू दुपार टळताना यायचास. दारातूनच ओरडायचास, "काय मालक, आज काय मोडलं?" आणि रोज काहीतरी मोडलेलं असायचंच. मजकुराचा रकाना चित्राखाली जाऊन बसायचा. दोन चौकटींच्या मधे कुठूनशी पांढरी फट यायची. एक शब्द ठळक करायला गेलो तर खालचं अख्खं पान ठळक व्हायचं. भेळभत्त्याचा कागद किबोर्डवर पसरून आपण त्यातून वाट काढायचो. तू करून कधी दिलं नाहीस. माझ्याच बोटांनी करून घ्यायचास, आणि त्याआधी नेहमीचा प्रश्न ठरलेला.

"शेवटचं काय केलंत?"

तो प्रश्न तू कुठून उचललास हेही मला माहीत आहे. वर्कशॉपवाल्यांच्या साइटचं काम नुकतंच सुरू झालं होतं. कल्पना तुझीच: सातपूर-अंबडच्या गल्ल्यांत कोण स्प्रिंगा करतं, कोण गास्केट कापतं, कोणाकडे कुठली लेथ आहे, हे सगळं एका जागी. फोटो तू काढायचास, मांडणी माझी. पहिलं पान मी एका मोठ्या टेबलात, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात रचलं, तेव्हा सगळेच टेबलात रचायचे. माझ्या मशीनवर झकास दिसलं. तू कारखान्यातून फोन केलास, "मालक, कोरं आहे."

"कोरं म्हणजे?"

"म्हणजे पांढरं. रंगसुद्धा आला नाही. तुम्ही पान चढवलंत का नुसता नमस्कार केलात?"

माझ्याकडे होता तो निळ्या ई-चा ब्राउझर, तुझ्याकडे एन-चा. आपण त्यांना ई-वाला आणि एन-वाला म्हणायचो, जणू शेजारचे दोन भाडेकरू. ई-वाल्याला सगळं दिसत होतं, एन-वाल्याला काहीच नाही. आपण अख्खी संध्याकाळ डोकं फोडलं. शेवटी तू इंटरनेटवरच्या एका मदतगटात मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपलं दुखणं लिहिलंस. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. कोण, कुठला, बाई का बुवा, काही पत्ता नाही. त्यानं आधी विचारलं होतं की बिघडण्याच्या आधी शेवटचं काय केलंत. आणि मग लिहिलं होतं की टेबल उघडलंय, बंद केलेलं नाही. एक ब्राउझर तुमच्या वतीनं ते बंद करून घेतो, दुसरा शेवटपर्यंत वाट बघत बसतो आणि काहीच दाखवत नाही.

बंद करणारा तो टॅग, कंसातला एवढासा शब्द, मी खाली लिहिला आणि एन-वाल्यात सगळं पान एकदम उमटलं. तू टाळी वाजवलीस. मग आपण दोघं किती वेळ त्या माणसाबद्दल बोलत होतो! त्याला काय पडली होती आपली? तिकडे सकाळ होती का? त्याला सातपूर माहीत असेल का? तू म्हणालास, "मालक, बघा, त्यानं आपल्याला येडं म्हटलं नाही. फक्त विचारलं." तेव्हापासून तो प्रश्न तुझा झाला.

एक वाद मात्र आपला कधी मिटला नाही. मी मॉनिटरच्या काचेवर फूटपट्टी ठेवून समास मोजायचो. तू कपाळाला हात लावायचास.

"अहो, काच मोजताय!"

"मग काय मोजू? डावीकडे बोटभर सोडलंय तर उजवीकडेही बोटभर नको?"

"तुमच्या काचेवर बोटभर. वणीच्या माणसाकडे किती, ते त्याची काच ठरवणार."

"पत्रिका सगळ्यांना सारखीच दिसते, कैलास."

"पत्रिका तुम्ही छापून हातात देता. पान तुम्ही देत नाही. तुम्ही सामान पाठवता, तो माणूस आपल्या घरी मांडून घेतो. त्याचं घर लहान असेल तर?"

"मग मी कशाला मरतोय इथे मांडणी करत?"

"तेच तर म्हणतोय. मरू नका. सैल सोडा."

सैल सोडणं मला जमलं नाही. मी सगळी मापं ठोकून बसवायचो, तू माझी पाठ वळली की टक्केवारीत करून ठेवायचास. मी परत ठोकायचो. आपल्या साइटमध्ये आजही अर्धी पानं माझ्या मताची आहेत आणि अर्धी तुझ्या. कोणी मागून उघडून बघितलं तर त्याला कळेल की इथे दोन माणसं भांडत होती, आणि मजेत भांडत होती.

त्या दिवसांत मी बोलायला लागलो होतो, कैलास. घरी जेवताना बायकोला मी एकदा चौकटी आणि रकाने समजावून सांगितले. तिला कळलं काही नाही, पण ती म्हणाली, "तो पोरगा येतो तेव्हापासून तुमचं तोंड उघडलंय. येऊ द्या त्याला."

आणि मग पुण्याचं आलं.

वेबसाइट करणारी कुठलीशी नवी कंपनी होती. त्यांनी तुझी पानं बघून बोलावलं होतं, म्हणजे खरं तर आपली पानं. तू पेढे आणले नाहीस, भेळभत्ताच आणलास, त्यात मात्र फरसाण जास्त. म्हणालास, "मालक, या महिन्याच्या आत या म्हणतात. पण वर्कशॉपवाल्यांना शब्द दिलाय. आपलं पहिलं पान एकदा धड उभं राहू दे, मग जातो."

मी म्हणालो, "छान झालं." तेवढंच.

तू गेल्यावर मी पान उघडलं. ते धड उभं होतं, दोन्ही ब्राउझरांत. एखाददुसरा फोटो लावला की झालं असतं. मी खाली गेलो आणि टेबल बंद करणारा तो टॅग पुसला. माझ्या ई-वाल्यात काहीच बदललं नाही, सगळं जागच्या जागी. तुझ्याकडे कोरं दिसणार हे मला माहीत होतं. तुम्ही दोघांनी, म्हणजे तू आणि त्या परक्या माणसानं, मला ते शिकवलंच होतं. तुला ‘जाऊ नकोस’ म्हणायला माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, म्हणून मी पानातून एक शब्द काढला.

तू आलास. विचारलंस, "शेवटचं काय केलंत?"

"काही नाही. फोटो लावला."

तू वरून खाली सगळं वाचलंस, प्रत्येक चौकट तपासलीस, आणि शेवटी सापडलं. पुढच्या आठवड्यात मी एका आतल्या चौकटीचा टॅग काढला आणि गास्केटवाल्याचा मजकूर स्प्रिंगवाल्याच्या फोटोखाली जाऊन बसला. गास्केटवाला चिडून तुझ्या कारखान्याच्या फाटकावर येऊन उभा राहिला. तू परत आलास, परत विचारलंस, मी परत फोटो लावला म्हणालो. त्या वेळी दुरुस्ती करताना तू माझ्याकडे न बघता म्हणाला होतास:

"मालक, तुमच्या चुका हल्ली फार स्वच्छ झाल्यात. आधी एका चुकीबरोबर तिची सगळी वरात यायची. करवल्या, वाजंत्री, सगळं. आता एकटीच येते बिचारी."

मी हसलो. मला वाटलं कौतुक केलंस, माझा हात सुधारला म्हणून. खरंच वाटलं, शपथ. ते वाक्य किती वर्षांनी माझ्या डोक्यात उलगडलं! शिकाऊ माणूस चुकला की घाबरून दहा ठिकाणी हात घालतो, आणि चुकीभोवती त्याच्या धडपडीच्या खुणा राहतात. मुद्दाम केलेल्या चुकीभोवती धडपड नसते. माणसं कशी चुकतात हे जन्मभर बघत आलेल्या तुला हे कळलं नसेल? की तू सहज बोलून गेलास, आणि मीच त्यात अर्थ शोधत बसलोय?

तिसऱ्या वेळचं मला लख्ख आठवतं. मी परत टेबलाचाच टॅग पुसला होता. तू आलास, दारातून ओरडला नाहीस. खुर्चीत बसलास, फाइल उघडलीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तू विचारलंच नाहीस. आणि वरून खाली वाचलंही नाहीस. सरळ तळाशी गेलास, टॅग लिहिलास, फाइल जपून ठेवलीस आणि म्हणालास, "भेळभत्ता मागवा, मालक."

खाताना, कागदाकडे बघत, तू सांगितलंस, "पुण्याला नाही म्हणून कळवलं. त्यांना थांबता येत नव्हतं."

"कधी कळवलंस?"

"काल."

म्हणजे मी तिसऱ्यांदा पान मोडायच्या आधीच. मी तिथे विचारायला हवं होतं, का रे नाही म्हणालास? साधा प्रश्न. तू हजारदा मला विचारलास तितका साधा. मी म्हणालो, "कांदा जरा जास्त आहे नाही आज?" आणि तू म्हणालास, "हं."

त्यानंतर पान कधी मोडलं नाही. तुझ्या ते लक्षात आलं असेलच.

ती पुण्याची कंपनी पुढे बंद पडली असं ऐकलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं, की त्या बरं वाटण्याचीच नंतर लाज वाटली. मग कोणीतरी सांगितलं की तिथली पोरं बंद पडायच्या आधीच दुसरीकडे चांगली लागली. ते ऐकून मी दुकान लवकर बंद केलं. तुझ्याबद्दलची कुठलीही बातमी मी अशीच तागडीत घालून बघायचो. तुमच्या कारखान्यातला तुझा विभाग बंद झाला, तागडी एकीकडे झुकली. तुझं सुनंदाशी लग्न झालं, लेक झाली, तू हातात धरून नाचायचास तिला, तागडी दुसरीकडे. तू कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलास आणि त्यात रमलास, हे बघून मला वाटायचं की हेच तुझं काम होतं. मग वाटायचं, हे ठरवणारा मी कोण?

तू मात्र येत राहिलास. माझ्यात आणि तुझ्यात काहीच घडलं नसल्यासारखा. मी गप्प झालो होतो पुन्हा, थोडाथोडा, आणि तू ते चालवून घेतलंस. मी तुझ्याशी नीट बोलू शकत नव्हतो, कारण जे बोलायचं होतं ते अडलेलं होतं आणि त्याच्या मागे बाकीचं सगळं. तुझ्या एन-वाल्यासारखं. खालचा टॅग सापडेपर्यंत वरचं काहीच दिसत नाही.

शेवटचा आलास तेव्हा तुझ्या हातात नवा मोबाइल होता. त्यावर तू आपली साइट उघडून दाखवलीस. एवढ्याशा काचेवर माझी ठोकलेली पानं अर्धी बाहेर लोंबत होती, आणि तुझी सैल पानं आपोआप आवरून बसली होती.

"बघा मालक. फूटपट्टी आणा तुमची."

"मोबाइलवर कोण बघतंय रे साइट?"

"मी बघतोय की."

"तू येडा आहेस."

"येडा तर आहेच. बघू, पुढच्या वेळी बोलू यावर." आणि मोबाइल खिशात टाकून गेलास. तो वाद तू जिंकलास असं मी तुला म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. जिंकलास.

दशक्रियेला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, तुझे क्लासमधले विद्यार्थी आले होते. एकजण दुसऱ्याला हळूच सांगत होता, "सर कधी ओरडायचे नाहीत. फक्त विचारायचे, शेवटचं काय केलं." मी लांब जाऊन उभा राहिलो.

तेराव्यानंतर मी तुझ्या घरी गेलो. सुनंदानं चहा टाकला. लेक शाळेत होती. घरात तुझा मॉनिटर झाकून ठेवला होता, त्यावर सुनंदानं तुझा धुतलेला शर्ट घडी करून ठेवलेला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, म्हणजे ती बोलली आणि मी मान हलवली. मग ती म्हणाली:

"भाऊ, एक विचारू का? तुम्हालाच विचारता येईल असं आहे."

"विचार ना."

"ह्यांनी पुण्याची नोकरी का सोडली होती?"

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला नाही.

ती सांगत होती, "तेव्हा आमचं ठरत होतं. माझे वडील म्हणाले होते, पोरगी नाशिकच्या पुढे देणार नाही. मी ह्यांना निरोप धाडला होता तसा. आणि मग कळलं, नोकरीला नाही म्हणाले. मला तेव्हा आनंद झाला होता, भाऊ. लहानच होते मी. पण कारखान्यातून काढलं ना ह्यांना, तेव्हापासून मनात सल आहे. माझ्यामुळे अडकले इथे. कितीदा विचारलं ह्यांना, माझ्यामुळे का? तर हसायचे. म्हणायचे, ‘मालकांना विचार, त्यांना ठाऊक आहे.’"

"असं म्हणायचा?"

"दर वेळी. ‘मालकांना विचार.’ मी म्हणायची, तुम्हीच सांगा ना. तर म्हणायचे, नाही, त्यांनीच सांगायचं ते."

बाहेर सातपूरची पाळी सुटली होती, मोटारसायकली चालल्या होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणालो, "नाही गं. मला काही बोलला नाही तो कधी."

"बरं," ती म्हणाली. "राहू द्या मग. माझ्यामुळेच असेल." आणि माझा कप घेऊन आत गेली.

म्हणजे तुला ठाऊक होतं, कैलास. निदान एवढं तरी ठाऊक होतं की माझ्याकडे काहीतरी सांगण्यासारखं आहे. पण माझं कुतूहल तेवढ्यानं शमलेलं नाही, उलट वाढलंय. तू माझ्या चुकांमुळे थांबलास, की सुनंदासाठी थांबायचं तू आधीच ठरवलं होतंस आणि माझा मूर्खपणा नुसता बघत बसलास, नेहमीच्या हौसेनं, हा माणूस आता पुढे काय करतो म्हणून? दुसरं खरं असेल तर मी इतकी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते मी केलेलंच नाही. पहिलं खरं असेल तर सुनंदा जे वाहतेय ते तिचं नाही. यातलं कुठलं, ते तूच सांगू शकला असतास. तू मला विचारायचं सोडून दिलंस, त्या तिसऱ्या वेळेपासून. ते मला शिक्षा म्हणून होतं, की मी आपणहून सांगेन याची वाट बघत होतास?

वाट बघत होतास, असं मला वाटतं. तिला तू सांगून टाकू शकला असतास. नाही सांगितलंस. माझी चूक तू माझ्याच बोटांनी दुरुस्त करून घ्यायचास, पहिल्यापासून. हीसुद्धा माझ्यासाठीच ठेवलीस.

याबद्दल तुझे आभार मानू की तुझ्यावर रागवू, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही करतो.

हे पत्र दुसऱ्या कोणी वाचायच्या आधी मी तुझ्या घरी जाणार आहे. सुनंदा समोर असताना माझं तोंड उघडेल का, माहीत नाही. नाही उघडलं तर हेच कागद वाचून दाखवीन, वरून खाली. तिचे वडील काय म्हणाले होते आणि तू काय ठरवलं होतंस ते मला सांगता येणार नाही. मी काय केलं तेवढं सांगता येईल.

शेवटचं काय केलंत, मालक?

शेवटचं मी सुनंदाला खोटं सांगितलं. ते दुरुस्त करायचं बाकी आहे, आणि ते मी तुझं देणं लागतो.